परातीतलं बाष्पीभवन

गणिताच्या मास्तरानं निवृत्तीनंतर द्राक्षबाग करू नये. केलीच तर कवठेमहांकाळकडे करू नये. तिथंच करायची असेल, तर निदान बागेत गणित करू नये. मी तिन्ही केलं.

एक एकर, 9 बाय 5 फुटांवर लागण, डॉगरीजच्या खुंटावर थॉमसन, साडेनऊशे-एक झाडं. एप्रिलात खरड छाटणी झाली आणि मे लागताच बोअर नुसती हवा ओकायला लागलं. मग टँकर. 10,000 लिटरचा टँकर म्हणजे झाडामागे जेमतेम 10 लिटर. आपली पेन्शन ड्रिपरमधून थेंबथेंब जाताना बघितली आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. बागेचं काम बघणारे तात्या मूठभर माती दाबून, शेंडा चिमटीत धरून पाण्याचं सांगायचे. मी म्हटलं, "तात्या, अंदाजपंचे नको. आता शास्त्र."

शास्त्र सोपं आहे. ऊन-वारा रोज किती पाणी उडवतो ते मोजायचं आणि त्या हिशोबानं झाडाला द्यायचं. हवामान केंद्रात त्यासाठी चार फूट रुंदीचं पसरट भांडं लाकडी चौकटीवर ठेवलेलं असतं, वर तारेची जाळी. मी हिच्या माहेरची खोलगट परात उचलली, बांधावरच्या दगडावर ठेवली, आत फूटपट्टी उभी केली. जाळीचा खर्च वाचवला.

आमच्याकडे भर उन्हाळ्यात दिवसाला 10-12 मिलिमीटर पाणी उडतं म्हणतात. माझ्या परातीतून पहिल्याच दिवशी 22 उडालं. नंतर 26. एकदा तर 31! दुसऱ्या कुणी असा आकडा आणला असता तर मी त्याला बाकावर उभा केला असता. पण आकडा माझा होता. मी संध्याकाळी पारावर हवामानबदलावर व्याख्यान दिलं आणि सकाळी जादा टँकर सांगितला.

बाग अशी तरारली, की येणारे-जाणारे गाडी थांबवून बघायचे. अख्ख्या शिवारात हिरवंगार काय ते तेवढंच. तात्या मात्र काडी बघून चुळबुळत होते. "मास्तर, काडी माजलीया. आता पानी ताणाय पायजे." खरडीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत पुढचा घड काडीच्या डोळ्यातच ठरतो. तेव्हा पाणी तोडलं की झाड वाढ सोडून फळाचा विचार करतं. हे मलाही पाठ होतं. पण परात 28 म्हणत होती.

पाऊस पडला, परात स्वयंपाकघरात परतली. ऑक्टोबरात छाटणी झाली, डोळे फुटले. पंधराव्या दिवशी तात्या ओळीनं फिरून आले. "घड न्हाईत. समद्या बाळ्याच हायत." म्हणजे घडांच्या जागी नुसते वेलाचे तणावे. दुष्काळात बागा पाण्याविना जातात. माझी विकतच्या पाण्यानं गेली.

मी बांधावर टेकलो. तेवढ्यात शेजारची शेळी सरळ त्या दगडापाशी आली, दगड हुंगला, आणि माझ्याकडे बघून ओरडली.

"हिला काय झालं?"

"उन्हाळाभर हितंच पानी पीत हुती की," तात्या म्हणाले. "मला वाटलं, तुमी मुद्दाम ठेवलंया. म्हटलं, मास्तरांना पुण्य लागंल."