आजोबांचं नाव, नातवाचा भाव

कराडजवळचं मलकापूर हे मीटरवर श्रद्धा असलेलं गाव. नळाला चोवीस तास पाणी, पण मीटर लावून. वापराल तेवढं मोजा. त्यामुळे महामार्गाकडेच्या शोरूमच्या काचेआड एखादी चकचकीत गाडी ‘तुमच्या आठवणी परत आल्या’ अशा थाटात उभी राहिली, की इथला माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘आठवणी ठीक, पण ॲव्हरेज किती देतात?’

सध्या वाहनधंद्यात जुन्या नावांना सुगी आहे. चेतक आली, लूना आली, सिएरा आली. तिकडे युरोपात बीटल येऊन गेली. मिनी आणि फियाट ५०० आल्या त्या मुक्कामालाच राहिल्या. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपलीही रीत आहे, तेव्हा तक्रार नावाबद्दल नाही. नातवानं धोतर नेसावं असाही कुणाचा आग्रह नाही. पण आजोबांनी जन्मभर पोती वाहिली म्हणून नातवानं पोत्याला हात न लावता त्यांची हमाली वसूल करावी, हे जरा जास्तच झालं.

म्हणून ढेबेवाडी फाट्यावरच्या एका गॅरेजच्या बाकड्यावर आम्ही वारसा पडताळणी समिती बसवली. सदस्य तीन: गॅरेजचे मिस्त्री, एक निवृत्त एसटी चालक आणि एक निवृत्त गुरुजी. चहाचं बिल माझ्याकडे. कामकाज जात पडताळणीच्या धर्तीवर ठरलं. नुसतं नाव चालणार नाही, वंशावळ दाखवा. १९६७पूर्वीची नोंद असेल तर उत्तम. प्रत्येक अर्जदाराला प्रश्न तीनच. आजोबा कुणासाठी जन्माला आले होते? नातू कुणासाठी आलाय? आणि मधल्या फरकाची रक्कम कुणाच्या खिशात गेली?

पहिला अर्ज मिनीचा. कागदपत्रं चोख. १९५६ साली सुएझ कालव्याचं भांडण पेटलं, इंग्लंडात पेट्रोल मोजून मिळायला लागलं आणि ॲलेक इसिगोनिस यांच्यावर कमी पेट्रोल पिणारी छोटी गाडी काढायचं काम आलं. त्यांनी इंजिन आडवं बसवलं, चाकं दहा इंची घेतली आणि जेमतेम दहा फुटांच्या गाडीत चार माणसं बसवली. १९५९ साली ती रस्त्यावर आली. टंचाईतून जन्मलेली गाडी म्हटल्यावर समिती हळवी झाली. दुष्काळी पट्टा आमच्याही शेजारीच आहे.

मग नातवाचे कागद उघडले. २००१पासून नवी मिनी बीएमडब्ल्यूची. तिच्याच घराण्यातली कंट्रीमन आता साडेचार मीटरच्या घरात पोचली आहे. त्यातही बहार सरकारी व्याख्येची. २२ सप्टेंबर २०२५पासून लागू झालेल्या जीएसटीच्या दरांप्रमाणे चार मीटरच्या आत लांबी आणि बाराशे सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असलेली गाडी ती छोटी. तिला १८ टक्के. बाकीच्या पेट्रोल गाड्यांना ४०. आपल्याकडच्या पेट्रोल मिनीचं इंजिन दोन लिटरचं. म्हणजे नाव मिनी आणि कर मोठ्या गाडीचा. गुरुजींनी चष्मा काढला. म्हणाले, ‘‘दाखल्यावर एक आणि सातबाऱ्यावर दुसरंच. त्रुटी लिहा.’’

दुसरा अर्ज फियाट ५००चा. १९५७ साली दान्ते जाकोसा यांनी इटलीतल्या स्कूटरवाल्या कुटुंबासाठी ही गाडी काढली. लांबी तीन मीटरला थोडी कमी, इंजिन मागे, दोन सिलिंडर, ४७९ सीसी, डोक्यावर कापडी छप्पर. बरोबर पन्नास वर्षांनी, ४ जुलै २००७ला, तिचा गुबगुबीत नातू आला. आतून फियाटचीच पांडा गाडी, बाहेरून आजोबांचा फोटो. २००८ साली तो आयात होऊन भारतातही आला. किंमत सुमारे पंधरा लाख. त्याच वर्षी १० जानेवारीला दिल्लीत रतन टाटांनी एक लाखाची नॅनो दाखवली होती. स्कूटरवरच्या गरिबाला चारचाकी देणाऱ्या इटालियन गाडीचा वारसा घ्यायचा, तर स्कूटरवरच्या आपल्या गरिबानं पंधरा नॅनोंचे पैसे मोजायचे. एसटी चालक म्हणाले, ‘‘आवो, हितं गरीब कोन हाय त्येच कळंना.’’

बीटलचा अर्ज मिस्त्रींकडे दिला. जुन्या बीटलचं इंजिन मागे आणि सामानाची जागा पुढे. इंजिन वाऱ्यावर गार व्हायचं, त्यामुळे रेडिएटर नाही, पाणी नाही, गळती नाही. १९९८ साली आलेल्या न्यू बीटलच्या पोटात ‘गोल्फ’ नावाच्या मोटारीचा सांगाडा, इंजिन पुढे. मिस्त्रींनी मागचं झाकण उघडायचा अभिनय केला, मग पुढचं. ‘‘हिकडं इंजान न्हाई, तिकडं डिकी न्हाई. मग ऱ्हायलं काय?’’ राहिली डॅशबोर्डवरची छोटी फुलदाणी. जुन्या गाडीत हौशी लोक ती वरून बसवून घ्यायचे; नव्या गाडीत ती कंपनीनंच दिली. २०१९ साली मेक्सिकोत शेवटची बीटल निघाली. फुलदाणी वेळेवर कामाला आली म्हणायची.

इथवर परदेशी पाहुण्यांची टिंगल करताना समितीला फार बरं वाटत होतं. तेवढ्यात गुरुजींनी पद्मिनीचं नाव काढलं आणि बाकडं गहिवरलं. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्यात बनलेली, मुळात फियाट ११००. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे पुढं अखंड बाक. त्यावर ड्रायव्हर धरून तिघं अधिकृत आणि एखादं पोरगं अनधिकृत. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची काळीपिवळी पद्मिनीही रस्त्यावरून उतरली. तेव्हा तिच्यावर जे लेख आले, ते तिच्यात बसून लिहायची वेळ आली असती तर इतके गोड झाले नसते.

कारण मिस्त्रींना ती आतून माहीत आहे. उन्हाळ्यात कुंभार्ली घाट चढताना पेट्रोलची नळीत वाफ व्हायची आणि गाडी वळणावर रुसायची. मग ड्रायव्हर उतरायचा, बॉनेट उघडायचा, घरातून आणलेलं फडकं ओलं करून इंजिनालगतच्या पेट्रोल पंपावर गुंडाळायचा आणि बिडी पेटवून बाजूला उभा राहायचा. बिडी संपली की गाडी चालू. हा वेळ आता ‘निसर्गाच्या सान्निध्यातला निवांतपणा’ म्हणून आठवला जातो. त्या काळी तिच्यासाठी नंबर लावून थांबलो, ते प्रेमानं नव्हे. दुकानात दुसरं काही नव्हतं म्हणून. आठवणीतली गाडी सुंदर पळते, कारण तिच्यात पेट्रोल भरावं लागत नाही.

देशी अर्जदारांत सिएरा सगळ्यात देखणी. १९९१ची मूळ गाडी तीन दारांची, मागच्या बाजूला छतात वळत गेलेली सलग मोठी काच. तेवढ्या काचेसाठी लोक मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसायचे. नोव्हेंबर २०२५मध्ये आलेल्या नव्या सिएराला पाच दारं आहेत. दार आलं तिथं काच तुटली. मग तुटलेल्या जागी काळा रंग देऊन काच सलग असल्याचा भास केला. एसटी चालकांना ते मनापासून आवडलं. त्यांच्या मते आपल्याकडच्या बहुतेक विकासकामांचं हेच तंत्र आहे. तरीही समितीनं सिएराला सशर्त मान्यता दिली: दार उघडून आजीला आत चढता येतं, काचेतून चढता येत नव्हतं.

चेतकच्या वेळी मिस्त्री उठून उभे राहिले. १९७२ची बजाज चेतक म्हणजे हुंड्याच्या यादीतली पहिली वस्तू आणि मिळायला वर्षानुवर्षं थांबायची शिक्षा. सकाळी सुरू करायची तर आधी एका अंगावर कलवायची, मग किक. २०२०ला विजेवरची चेतक आली; बटण दाबलं की निघाली. ‘‘कलवायची न्हाई तर घोडं उठतंय कसं?’’ असं म्हणत मिस्त्रींनी तिच्या अंगावर बोटानं टिचकी मारली. आवाज पत्र्याचा आला. त्यांचा चेहरा खुलला. ‘‘पास करा. ठोकली तर ठोकून सरळ हुतीया.’’

आणि शेवटी लूना. हिच्यासाठी कुणी शोरूमच्या काचा पुसत नाही, हिच्याबरोबर कुणी फोटो काढत नाही. फिरोदियांच्या कायनेटिकनं १९७२च्या सुमारास काढलेली ही पन्नास सीसीची फटफटी. तिच्यावर दुधाचे कॅन गेले, वैरणीचे भारे गेले, शाळामास्तर गेले. फेब्रुवारी २०२४मध्ये ती विजेवर आली, सुरुवातीची किंमत सत्तर हजारांच्या आसपास, आणि कंपनी दीडशे किलो ओझं वाहायचं सांगते. समितीनं तिन्ही प्रश्न विचारले. आजोबा कुणासाठी? ज्याला मोटारसायकल परवडत नाही त्याच्यासाठी. नातू कुणासाठी? त्याच्यासाठीच. फरकाची रक्कम? ती काढायला गुरुजींनी कागद घेतला आणि तसाच ठेवून दिला. तिन्ही प्रश्नांवर एवढा एकच अर्ज बिनशर्त मंजूर झाला. पोतं उचलणारा नातू एकच निघाला, आणि तोही दोन चाकांचा.

चार चाकांचा खरा वारसा तर आमच्याच पट्ट्यात पडून आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी चाळिशीच्या दशकाच्या अखेरीपासून ‘मीरा’ नावाची छोटी मोटार घडवली, वर्षानुवर्षं सुधारली. कारखान्यातून ती घाऊक निघालीच नाही. परवान्यांच्या त्या काळात गाडी बनवणं सोपं आणि मोहोर मिळवणं अवघड होतं. शेजारच्या कडेगाव तालुक्यात, यशवंतराव चव्हाणांच्या देवराष्ट्रे गावी, एका कारागिरानं भंगारातून लेकासाठी किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली. डिसेंबर २०२१मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि नियमात बसत नाही म्हणून बदल्यात बोलेरो देऊ केली. साठेक हजारांत झालेली गाडी आत कंपनीच्या आवारात गेली, मोठी गाडी दारात आली. छोट्या गाडीचं आपल्याकडे शेवटी असंच होतं. पुनरुज्जीवनाची फाइल उघडायची तर त्यासाठी आधी जन्माची नोंद लागते, आणि आमच्या मीराची नोंदच धड झाली नाही.

उरली नॅनो. २०१८ला बंद झाली आणि तेव्हापासून दर दोन-चार महिन्यांनी कुणाच्या तरी मोबाईलवर नव्यानं जन्मते; कधी विजेवर, कधी पाण्यावर, कधी नुसत्या फॉरवर्डवर. समितीनं त्या फोटोंची पाहणी करून एक ठराव एकमतानं केला आणि टाटांच्या पत्त्यावर धाडला. नॅनो आणायचीच असेल तर नाव हवं ते ठेवा. दिवे गोल करा नाहीतर चौकोनी, काच वळवा नाहीतर रंगवा. फुलदाणी दिली नाही तरी राग नाही. महागाई धरून दोन पैसे वर घ्या, पण परत आणा ती किंमत. आठवणींचा पुरवठा आमच्याकडे भरपूर आहे. त्या आम्ही घरच्या घरी, जीएसटीशिवाय बसवून घेऊ.