दोन दिवसांचं खूळ

शुक्रवारी रात्री मुंबईहून निघायचं, शनिवारी उजाडता आंजर्ल्याच्या पुळणीवर उभं राहायचं आणि रविवारी जेवून परत. दोन दिवसांसाठी एवढी उरस्फोड करणाऱ्यांना गावात खुळे म्हणतात. मला हे खुळे मनापासून आवडतात, आणि त्यांचं कौतुक कुणीतरी उघडपणे करायला हवं.

याहून मोठे खुळेही आहेत. बोलिव्हियाचा कारभार जिथून चालतो ते ला पाझ सुमारे ३६०० मीटरवर. दोन कळसूबाया एकीवर एक ठेवल्या तरी ते वरच उरतं. दोन दिवसांसाठी गेलेल्याचा पहिला दिवस डोकं धरून कोकाच्या पानांचा चहा पिण्यात जातो. हवा विरळ, पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, बटाटा शिजता शिजत नाही. तरी जावं. एकादशीला आपण खातो तो बटाटा मूळचा त्याच अँडीजच्या डोंगरांतला. कुणी खुळ्यांनी समुद्र ओलांडले म्हणून तो आपल्या ताटात आला.

आमच्याकडे उंची म्हणजे कड्यावरच्या गणपतीच्या पायऱ्या. धाप मात्र खरी लागते. देऊळ पूर्वी समुद्राकाठी होतं, पाणी चढत आलं तेव्हा देव वर गेले, असं सांगतात. खडकावर त्यांचं पाऊलही दाखवतात. वरून माडांच्या शेंड्यांपलीकडे सुवर्णदुर्ग दिसतो.

पण रात्रीचा प्रवास सार्थकी लागतो तो पुळणीवर. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी शंभरेक अंडी वाळूत पुरते आणि मागे न बघता निघून जाते. ती घरटी शोधायला कासवमित्र रात्र रात्र किनारा तुडवतात. पिल्लं बाहेर आली की दोरीआड माणसं उभी राहतात आणि पिल्लांची टोपली हळूच कलती होते. काडेपेटीएवढं पिल्लू, डोळ्यांवर वाळू, ओल्या वाळूत वल्ह्यांच्या बारीक खुणा. लाट त्याला चार हात मागे फेकते. ते वळतं आणि पुन्हा चालायला लागतं.

गेल्या मार्चात दोरीशी उकिडवी बसलेली एक मुलगी मला विचारत होती, "काका, हे परत येईल?"

"मादी असली तर येईल, अंडी घालायला. ह्याच बाजूला."

"कधी?"

"दहा-पंधरा वर्षांनी."

तिने आईकडे बघितलं. "मग आपण पण तेव्हा येऊ."