उशिराचे पैसे

विमानाला उशीर झाला म्हणून कंपनी माणशी सहाशे युरो देते, ही बातमी इंदापूर तालुक्यात पोचली तेव्हा तिच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. आमचे तात्या आणि काकू नातवाला बघायला जर्मनीला गेले होते. येताना फ्रँकफुर्टला विमानात काही बिघाड निघाला आणि मुंबईत उतरायला पाच तास उशीर झाला. तात्यांना त्याचं काहीच वाटलं नव्हतं. बसायला गुबगुबीत खुर्ची होती, हवा गार होती, वर कंपनीने सँडविच दिलं. मुंबईहून गावी येताना घाटात गाडी अडकून पडली त्याचा तर त्यांनी उल्लेखही केला नाही. पण चुलतभावाने तिकडून अर्ज ठोकला आणि काही आठवड्यांनी दोघांचे मिळून बाराशे युरो, म्हणजे लाखाच्या वर रुपये जमा झाले. तात्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "परत मागतील का रे?"

नाही मागत. युरोपचा तसा नियमच आहे, २००४ साली केलेला आणि फेब्रुवारी २००५ पासून लागू झालेला. आधी त्यात रोख भरपाई होती ती विमान रद्द झालं किंवा तिकीट असून चढू दिलं नाही तर. नुसता उशीर झाला तर काय, हा वाद कोर्टात गेला आणि २००९ मध्ये निकाल लागला की तीन तास किंवा त्याहून उशिरा पोचवलंत तर तेही पैसे द्या. अंतराप्रमाणे अडीचशे, चारशे किंवा सहाशे युरो. तुमचं तिकीट किती रुपयांचं होतं हे कुणी विचारत नाही. वादळ, बर्फ असलं काही आडवं आलं तर कंपनी सुटते. यंत्र बिघडलं म्हणाली तर सहसा सुटत नाही, कारण यंत्र सांभाळणं हे तिचंच काम.

या सगळ्यात मला सगळ्यांत आवडलेला निकाल २०१४ चा. विमान पोचलं म्हणजे नेमकं कधी पोचलं? कंपनी म्हणे, चाकं धावपट्टीला टेकली की पोचलं. कोर्ट म्हणालं, नाही, विमानाचं एक तरी दार उघडून माणसांना उतरता येईल तेव्हा पोचलं. तोवर प्रवासी कोंडलेलाच आहे. ज्या कोणा न्यायाधीशाला हे सुचलं त्याने आयुष्यात कधीतरी स्टँडच्या तोंडाशी एसटीत उभ्याने अर्धा तास काढला असणार, असा माझा संशय आहे.

आपल्याकडे असं नाही. नागरी उड्डाण महासंचालनालयाचे नियम आहेत आणि ते अगदीच वाईट नाहीत. विमान रद्द झालं आणि वेळेत कळवलं नाही तर पाच ते दहा हजारांपर्यंत भरपाई आहे. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा तिकिटाचे पैसे परत. पण नुसत्या उशिराला रोख काही नाही. अडीच तासांपर्यंतचा प्रवास असेल तर दोन तासांच्या उशिराला खायला मिळतं. म्हणजे युरोपात वेळेची किंमत होते आणि आपल्याकडे भुकेची. जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेलं विमान धुक्यामुळे मुंबईला वळवलं, तेव्हा तासन् तास ताटकळलेले प्रवासी खाली उतरले ते थेट विमानाशेजारीच जमिनीवर पंगत मांडून जेवायला बसले. ते दृश्य सगळ्या देशाने पाहिलं. कंपनीला एक कोटी वीस लाखांचा दंड झाला. तो अर्थातच सरकारजमा झाला.

तात्यांचं डोकं मात्र तोवर दुसऱ्याच हिशेबात गुंतलं होतं. शर्टाच्या खिशातून त्यांनी काटापावती काढली. पातळ कागद, घामाने मऊ झालेला. गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. तिच्या पाठीवर त्यांनी मांडलं की पाच तासांचे एका माणसाला सहाशे युरो, म्हणजे तासाला दहा हजारांच्या वर. मग उसाच्या बिलाचं मांडलं.

आता हे सांगायला हवं की उशिराची भरपाई ही कल्पना आमच्या भागाला मुळीच नवी नाही. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत नुसते सहकारी साखर कारखानेच पाच आहेत: माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा. आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात स्वच्छ लिहिलंय की ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर वर्षाला पंधरा टक्क्यांनी व्याज. राज्य सरकारने २०२२ मध्ये एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली होती, तीही मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. कायदा सगळा आपल्या बाजूने उभा आहे. व्याज मात्र सहसा कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्याशिवाय दिसत नाही.

तात्यांचं तीन लाखांचं एक बिल मागे दोन महिने रखडलं होतं. कारखान्याचं नाव सांगत नाही, मलाही ऊस घालायचाय. व्याज निघालं साधारण सात हजार चारशे. "दोन महिन्याला सात हजार, आन् पाच तासाला लाख," तात्या म्हणाले. "आन् तिथं तर मी खुर्चीवर बसलो होतो."

शिवाय चौदा दिवस मोजायचे ते ऊस घातल्यापासून. त्याआधी अडसाली ऊस दीड वर्ष उलटल्यावरही फडात उभा असतो, त्याला तुरा येतो, वजन घटतं, कारखान्याच्या चिटबॉयला रोज फोन जातो, तोडणीचा मुकादम "उद्या टोळी लावतो" म्हणतो, आणि टोळी आलीच तर ड्रायव्हरला 'एन्ट्री' म्हणून वरचे पैसे द्यावे लागतात. त्या उशिराला कुठल्या आदेशात व्याज नाही. दार उघडण्याचा तो निकाल आमच्या फडाला लावून दाखवावा कुणीतरी.

मी तात्यांना म्हटलं, मग करा की व्याजासाठी अर्ज. पुण्याच्या साखर संकुलात द्या, शिवाजीनगरला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना घरच्या लग्नात आहेराची पावती मागायला सांगितलंय. संचालक त्यांच्या साडूचा व्याही. शेतकी अधिकारी मावसबहिणीच्या गावचा. लाईटचंही तेच. वीज नियामक आयोगाच्या नियमांत खंडित पुरवठ्यासाठी तासावर भरपाई आहे, पण वायरमन आपल्याच आळीतला. भर पावसात तो खांबावर चढतो आणि खाली आला की आपल्याकडेच चहा घेतो. त्याच्या कपबशीशेजारी भरपाईचा अर्ज कसा ठेवणार? कालव्याचं आवर्तन लांबलं तर पाटकऱ्याला दमात घेता येत नाही, कारण पुढचं पाणी त्याच्याच हातात. आपल्याकडे उशीर करणारा प्रत्येक जण ओळखीचा निघतो. जर्मनीतल्या त्या विमान कंपनीचं एक बरं होतं, तिच्या घरचं कार्य तात्यांना कधी उरकायचं नव्हतं.

चुलतभाऊ सांगत होता, तिकडे तर अर्ज स्वतः करायचीही गरज नसते. प्रवाशांच्या वतीने विमान कंपन्यांच्या मागे लागणाऱ्या खास संस्था आहेत. मिळाले तर पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त त्यांचा. नाही मिळाले तर काही नाही. त्याने स्वतः अर्ज करून तो हिस्सा वाचवला, याचा त्याला फार अभिमान. तात्यांना तो आगाऊपणा वाटला असावा. पावतीची घडी खिशात ठेवत ते म्हणाले, "फोन लाव त्याला." लावला. जर्मनीत तेव्हा पहाट असणार.

"काय नाही रे," तात्या म्हणाले, "तिकडची ती लोकं कारखान्याची कामं घेत्यात का बघ. पाव न्हाई, निम्मं घ्या म्हणावं. फक्त अर्जावर माझं नाव नको."