टेंडरकाका

पुण्यात शिवाजीनगरला महापालिका भवनाच्या आसपास एखाद्या जुन्या इमारतीच्या जिन्याखाली ‘ऑनलाइन टेंडर भरून मिळेल’ अशी पाटी दिसली, की आत टेंडरकाका बसलेले आहेत असं खुशाल समजावं. आडनाव त्यांना कुणी विचारत नाही.

पूर्वी टेंडर म्हणजे लाखेची मोहर लावलेला लिफाफा, आणि दुसऱ्याचा लिफाफा पेटीत पडू नये म्हणून पेटीसमोर उभी केलेली पोरं. मग राज्य सरकारचं ऑनलाइन निविदांचं महाटेंडर्स पोर्टल आलं. पेटी गेली, पोरं गेली आणि काका आले.

डिजिटल सही ज्याची त्यानेच करायची, सहीचं यूएसबी टोकन दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, असा नियम आहे. पुण्यातल्या निम्म्या ठेकेदारांच्या सह्या काकांच्या ड्रॉवरमध्ये आहेत. प्रत्येक टोकनला रबरबँडने चिठ्ठी लावलेली: ‘नालेसफाई’, ‘पेव्हर ब्लॉक’, ‘धायरीवाले’. एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन प्रतिस्पर्धी तिथे वर्षानुवर्षं शेजारी झोपतात.

मुदत दुपारी तीनची असते, म्हणून शेठ पावणेतीनला येतात.

“काका, किती टाकू?”

“ते तुमचं तुम्ही ठरवा. मी बटण दाबणारा.”

“बावीस टक्के बिलो टाका.”

भिंतीवरच्या घड्याळावर काकांचा विश्वास नाही. ते पोर्टलच्या कोपऱ्यातलं सर्व्हरचं घड्याळ बघतात. शेठना स्वतःचा पिन आठवत नाही, काकांना पाठ असतो. बीओक्यूच्या, म्हणजे दर भरायच्या एक्सेल फाइलचं नाव शेठच्या भाच्याने हौसेने ‘फायनल नवीन’ असं बदलून ठेवलेलं असतं. नाव बदललेली फाइल पोर्टल घेत नाही. काका भाच्याकडे एकदाच बघतात, मूळ फाइल उतरवून आकडे पुन्हा भरतात. शेवटी ‘फ्रीज बिड सबमिशन’चं बटण दाबलं नाही, तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. ते दाबून पावती प्रिंटरमधून बाहेर आली की काका अमृततुल्यमधून आणवलेला चहा तोंडाला लावतात. तो गार झालेला असतो.

तेवढ्यात दुसरे शेठ दारात. “मघाचे काय टाकून गेले हो?”

“कोण मघाचे?” काका विचारतात.

शुद्धिपत्रक हा काकांचा आवडता साहित्यप्रकार. मूळ निविदा ते नुसती चाळतात. “खरी गोष्ट तिसऱ्या शुद्धिपत्रकात असते,” म्हणतात. मुदतवाढ मिळाली की ठेकेदार सुस्कारा सोडतात आणि काका कपाळाला हात लावतात, कारण आता हीच मंडळी पुन्हा नव्या मुदतीच्या दिवशी पावणेतीनलाच येणार. 2016 साली केंद्र सरकारचं सरकारी खरेदीसाठीचं जेम पोर्टल आलं, तेव्हा आता काकांचा धंदा बसणार असं सगळे म्हणाले. काकांनी पाटीवर खाली एक ओळ वाढवली: ‘जेमची नोंदणी करून मिळेल.’

निविदेतले दर पोर्टलवर कुलूपबंद असतात. ठरल्या वेळी अधिकाऱ्यांनी आपापल्या डिजिटल चाव्या लावल्याशिवाय आर्थिक लिफाफा उघडत नाही. एवढा बंदोबस्त ज्या दरांसाठी, ते जिन्याखालच्या खोलीत मोठ्याने बोलून टाकलेले असतात आणि तरी बाहेर फुटत नाहीत. त्याचं श्रेय एका माणसाच्या मिटलेल्या तोंडाला आहे. पण सार्वजनिक पैशाचा कारभार असा कुणाच्या भलेपणावर सोडायचा नसतो. तेव्हा ठेकेदार मंडळींनो, आपलं टोकन आपल्या खिशात ठेवा आणि पिन पाठ करा. नाहीच जमलं, तर निदान दोनला तरी या.