कपाटाच्या मर्जीतला रंग

आमच्या घरातल्या लाकडाचा रंग पणजोबांच्या काळात ठरला आणि तो विषय तिथेच संपला. भिंतींचा रंग मात्र दर चार-पाच वर्षांनी मतदानाला येतो. मतदार घरचे, शेजारचे आणि काही डोंबिवलीहून फोनवर. उमेदवार शेडकार्डातले, हजाराच्या वर. आणि निकाल फिरवण्याचा अधिकार एकट्याकडे, दिवाणखान्यातल्या शिसवी कपाटाकडे.

हे कपाट गुहागरच्या घरातून पुण्याच्या फ्लॅटमध्ये आलं तेव्हा ते जिन्यातून वर चढवणाऱ्या माणसांनी आमच्या पूर्वजांबद्दल काढलेले उद्गार इथे देता येणार नाहीत. सात फूट उंच, माथ्यावर कोरलेले दोन मोर, दाराला बेल्जियमचा आरसा. (बेल्जियमचा असं आई म्हणते. बेल्जियमला विचारायला कोणी गेलेलं नाही.) सोबत एक आरामखुर्ची आली. तिचे लांब हात पुढे फिरवून त्यांवर पाय टाकता येतात. पाहुणे अचानक आले की ते पाय काढता येत नाहीत. शिवाय पितळी कड्यांची एक पेटी. तिची किल्ली हरवली आहे, त्यामुळे आत दागिने आहेत असं मानायला अजून वाव आहे. जेवणाचं टेबल तेवढं आम्ही इथे घेतलं. ते सागाचं, पण गडद वॉलनट पॉलिश चढवून त्याला शिसवीच्या पंगतीला बसवलं आहे.

नऊ फुटी छताखाली एवढं काळं लाकूड. आमच्याकडे दिवेलागण सकाळच्या चहानंतर होते.

‘विकून टाका की’ असा सल्ला देणारे भेटतात. त्यांना आईसमोर बोलू देत नाही. शिसव ज्या डालबर्जिया जातकुळीतली, तिच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून बंधनं आली आहेत. ही बातमी आईला मीच वाचून दाखवली. तेव्हापासून ती कपाट पुसताना शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात ‘जगात मिळत नाही हो आता’ म्हणते. तेव्हा कपाट हलणार नाही. वाकायचं ते भिंतीनेच.

पहिला उमेदवार रंगाऱ्याने उभा केला. ‘साहेब, क्रीम मारू. डोळे झाकून.’ रंग डोळे झाकून निवडावा ही सूचना मला विचारात टाकणारी वाटली. पण त्याचं म्हणणं बाजारात रुजलेलं आहे. क्रीम मळत नाही, क्रीमवर भांडण होत नाही, क्रीमचा उरलेला डबा पुढच्या घरी चालतो. अडचण एवढीच की क्रीममध्ये पिवळं असतं आणि पॉलिश केलेल्या सागातही पिवळं असतं. दोन पिवळे शेजारी आले की दोघेही एकमेकांचं तेज काढून घेतात. आमच्या काकांकडे हा प्रयोग झालेला आहे. क्रीम भिंती, काळी खुर्ची, काळं टेबल. त्यांच्या हॉलमध्ये बसलं की आता कोणीतरी रजिस्टर पुढे करून ‘आगमनाचा हेतू’ विचारणार असं वाटत राहतं. खानसामा दिसत नाही एवढंच.

वहिनींचं मत राखाडीला. ‘भावजी, हल्ली सगळीकडे ग्रेच असतो.’ राखाडीपुढे शिसव चांगली दिसते, हे कबूल. माणसं आजारी दिसतात. काकांनी कंपास आणून वास्तुशास्त्र मांडलं. निळा अमुक दिशेला चालतो, तमुक दिशेला नाही. आमचा हॉल नेमका दोन्ही दिशांना पसरलेला निघाला. मुलीने फोनवर एक ॲप काढलं. खोलीचा फोटो दिला की ते भिंत ओळखून रंगवून दाखवतं. त्याने भिंतीबरोबर आरामखुर्चीत डुलकी घेणारे काकाही पिस्ता रंगाचे केले. काकांवर तो रंग बरा दिसत होता, पण काका कायम तिथे नसतात.

आई म्हणाली, ‘पांढरा द्या. थोडी नीळ घालून.’ तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

दरम्यान मी एक साधी गोष्ट करून पाहिली. दिवसाउजेडी कोरा पांढरा कागद लाकडाला टेकवून धरला. ज्याला आपण सरसकट ‘डार्क फर्निचर’ म्हणतो ते एका रंगाचं नसतंच. शिसवी कपाट कागदाशेजारी जांभळट निघालं, आत काळ्या शिरा. टेबल पिवळटावर गेलं. पेटीवर मधे कधीतरी कोणी महोगनी पॉलिश फासलेलं असणार, ती थेट लालसर. म्हणजे एका भिंतीला तीन लाकडांशी नांदायचं होतं, आणि तिघांचे स्वभाव वेगळे. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटलं नाही.

इथे मला एका फ्रेंच गृहस्थाची मदत झाली. मिशेल युजेन शेव्रल, पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाई खात्याचे प्रमुख. राजवाड्यांच्या भिंतींवर टांगायची विणलेली चित्रं तिथे तयार होत. शेव्रल यांच्याकडे तक्रार आली की तुमचा काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. गृहस्थ मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी धागा तपासला, इतर ठिकाणच्या काळ्या धाग्याशी ताडून पाहिला. धाग्यात खोट नव्हती. तो निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला जात होता आणि त्या शेजारामुळे फिका पडत होता. या एका तक्रारीतून त्यांनी रंगांच्या शेजारधर्माचं अख्खं शास्त्र उभं केलं आणि १८३९ साली त्यावर जाडजूड ग्रंथ काढला. प्रत्येक रंग शेजारच्या रंगाला आपल्या विरुद्ध टोकाकडे ढकलतो, हे त्याचं सार. हिरव्याशेजारी तांबूस अधिक तांबूस दिसतं, निळ्याशेजारी नारिंगी अधिक नारिंगी. शेव्रल १७८६ साली जन्मले आणि १८८९ साली वारले, वयाच्या १०२व्या वर्षी. रंगकामाशी संबंध असलेल्या माणसाला एवढं आयुष्य लागतंच. रंगारी ‘सोमवारी येतो’ म्हणतो तेव्हा सोमवार कोणता ते सांगत नाही.

त्याच वाचनात हेही कळलं की तपकिरी म्हणजे मुळात मंद झालेला नारिंगी. अंधाऱ्या खोलीत नुसत्या दिव्याने तपकिरी उजेड पाडायला गेलात तर फार तर मिणमिणता नारिंगी दिसेल. आजूबाजूला त्याहून उजळ काहीतरी असेल तरच डोळा त्याला तपकिरी म्हणतो. आणि नारिंगीच्या समोरचा रंग कोणता, तर निळा.

मी हे जेवताना मोठ्याने सांगितलं. आईने आमटी वाढता वाढता पळी थांबवली. ‘मग मी काय वेगळं सांगत होते? चुन्यात नीळ. गणपतीच्या आधी दरवर्षी.’

तिचं खरं होतं. कोकणातल्या त्या घरात चुन्याचा पिवळटपणा मारायला नीळ घालत आणि तीच निळसर झाक तुळया-खांबांच्या लाकडाला उजाळा देत असे. शेव्रल यांना न कळवता. पण त्या घराला खिडक्या लहान, माजघर अंधारं, आणि उजेड अंगणातून दोनदा वाकून आत यायचा. तिथला पांढरा पांढरा राहत नसे, दुपारपर्यंत मऊ व्हायचा. फ्लॅटमध्ये समोरच्या इमारतीच्या काचांवरून ऊन थेट आत येतं. आम्ही पांढरा इमल्शन लावलेला मोठा पुठ्ठा कपाटामागे धरून पाहिला. शिसव इतकी काळी पडली की मोरांची नुसती बाह्यरेषा उरली, कोरीव पिसं गडप. कोरीव काम पाहायचं तर भिंत आणि लाकूड यांच्यातलं अंतर थोडं कमी पाहिजे. आई हे मान्य करणार नाही हे ठाऊक असल्यामुळे मी तो पुठ्ठा तिला दाखवून गप्प बसलो. ती म्हणाली, ‘पुठ्ठा वाईट आहे.’

मग मला भिंती पाहायचा नाद लागला. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, जे १८७२ साली लोकांसाठी उघडलं, लोक मातीच्या बाहुल्या आणि जुन्या मुंबईचे नकाशे पाहतात. मी हिरवट भिंतींवरची सोनेरी नक्षी आणि तिच्यापुढची गडद लाकडी कपाटं पाहत उभा. गोव्यात चांदोरच्या ब्रागांझांच्या घरात मंडळी झुंबरांखाली माना वर करून, मी खुर्चीच्या पाठीमागे वाकून. राखणदाराला संशय आला असावा. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात तर भिंतींवर चित्रंच काढलेली आहेत. साडेतीन शहाण्यांत ज्यांची गणना, त्यांनी ‘कोणता रंग’ या वादात पडायचंच नाही असं ठरवलेलं दिसतं.

घरी सॅम्पलचा खेळ सुरू झाला. भिंतीवर पट्टे मारायचे नाहीत, जुना रंग शेजारी बसून नव्याला नासवतो. पुठ्ठ्यावर कडेपर्यंत रंग लावायचा आणि पुठ्ठा खोलीभर फिरवायचा. ओल्यावर मत द्यायचं नाही, कारण इमल्शन वाळल्यावर थोडा गडद होतो. रात्री पांढऱ्या आणि पिवळ्या, दोन्ही दिव्यांत पाहायचं. शेडकार्डावर प्रत्येक छटेचा उजेड परतवण्याचा आकडाही मिळतो, शून्य म्हणजे काळा, शंभर म्हणजे पांढरा. आमच्यासारख्या काळवंडलेल्या खोलीने साठाच्या खाली उतरू नये, असं माझं मत झालं.

शेडकार्डावरची नावं परदेशी कवितांच्या मथळ्यांसारखी. एकाचा अर्थ होत होता पहाटेची कुजबुज, दुसऱ्याचा विसरलेलं धुकं. आई ती नावं वाचत नव्हती, स्वतःची देत होती.

‘हा मेथी जास्त शिजलेली.’

‘आई, हा ऑलिव्ह आहे,’ मुलीच्या आईने सुचवून पाहिलं.

‘असेल. मेथी जास्त शिजली की असंच होतं. हा आवळासुपारी. आणि हा काय, कोकम सरबतात दूध पडलेलं?’

‘डस्टी रोझ.’

‘फेका ते.’

शेवटी एक हिरवट करडी छटा उरली. आईने पुठ्ठा लांब धरला, जवळ घेतला. ‘हा सोललेल्या वालाचा.’ तिच्या तोंडून कुठल्या रंगाबद्दल याहून मोठी स्तुती होणं शक्य नाही. आम्ही पुठ्ठा कपाटामागे लावला. जांभळट शिसव जरा तांबूस झाली, मोरांची पिसं मोजता येऊ लागली. टेबलाचा पिवळेपणा निवला. पेटी थोडी भडकली, पण पेटीवर ताटं ठेवायची सवय असल्यामुळे ती फारशी दिसत नाही. रात्री पांढऱ्या ट्यूबखाली हाच रंग दवाखान्यात गेला, पिवळ्या दिव्यात घरी परत आला. ६,५०० केल्विनच्या ट्यूबा उतरवून ३,००० केल्विनचे दिवे लावले. काकांनी पेपर वाचता येत नाही अशी तक्रार नोंदवली. त्यांना गॅलरी दिली.

रंगाऱ्याला मी दोन अटी घातल्या. एक, चमक नको, मॅट हवा. पॉलिश केलेलं लाकूड चमकणार, समोर भिंतही चमकायला लागली तर बघणाऱ्याने गॉगल घालावा का? शिवाय आमच्या भिंतींचा गिलावा ज्या लाटांनी घातला आहे त्या मॅटमध्ये झाकल्या जातात. दोन, मशीनवर रंग मिसळून आणलेले सगळे डबे आधी एका मोठ्या बादलीत एकत्र करायचे, कारण डब्याडब्यात छटा हलते. पहिली अट त्याने ऐकली. दुसऱ्या अटीवर तो म्हणाला, ‘साहेब, तुम्ही आधी रंगकाम करायचात का?’ यात आदर होता की नव्हता, अजून ठरलेलं नाही.

लांबी, घासकाम, प्राइमर, दोन हात. दसऱ्याला संपणारं काम धनत्रयोदशीला टचिंगपर्यंत आलं. रंगारी शिडीवर बसून छताच्या कडेला ब्रश फिरवत असतानाच आत्या फराळाला आल्या. खोलीच्या मध्यावर उभ्या राहून त्यांनी सगळीकडे नजर टाकली. आम्ही श्वास रोखून. आत्यांचं मत आमच्याकडे सर्वोच्च न्यायालयानंतर येतं.

‘छान केलंस हो हे,’ त्या म्हणाल्या. ‘कपाटाला पॉलिश करून घेतलंस ते. मोर बघ कसे जिवंत झालेत! आणि पेटीलाही केलंस वाटतं. आता एकदा भिंतींचंही बघ काहीतरी.’

बायको स्वयंपाकघरात गेली. आई भिंतीकडे बघत चकलीचा तुकडा चावत राहिली. शिडीवरून रंगाऱ्याने खाली वाकून अत्यंत अदबीने विचारलं, ‘साहेब, मग पॉलिशचं बिलात वेगळं लावू का?’