योजनामामा

सोलापुरात साठीच्या पुढची चार माणसं एका कट्ट्यावर बसली की आधी शुगर निघते, मग यंदा पाणी किती दिवसांआड आलं ते निघतं, आणि त्यानंतर योजना निघते. योजना निघाली की तीन जण गप्प होतात आणि चौथा बोलायला लागतो. हा चौथा माणूस प्रत्येक पेठेत असतो. साखर पेठेत आहे, विजापूर वेशीत आहे, जुळे सोलापुरात तर दर अपार्टमेंटला एक निघेल. आमच्या भागातल्या चौथ्याला सगळे योजनामामा म्हणतात.

मामा सूतगिरणीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी घरी दोन गोष्टी आणल्या: बारीक खोकला आणि पेन्शनचा कागद. खोकल्याकडं त्यांनी कधी लक्ष दिलं नाही. कागदाचं मात्र त्यांनी पुढं घराणंच वाढवलं. सोलापुरी चादर ज्या चेनवाल्या पारदर्शक पिशवीत मिळते, ती पिशवी म्हणजे मामांचं कार्यालय. आत आधार कार्ड मूळ, आधार कार्ड रंगीत झेरॉक्स, आधार कार्ड साधी झेरॉक्स, रेशन कार्ड, पासबुकाचं पहिलं पान, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि दोन पाकिटांत फोटो. एका पाकिटात चष्म्यासह, दुसऱ्यात चष्म्याविना. कुणाचं काय चालेल सांगता येत नाही. चादर केव्हाच विरून पायपुसणी झाली, पण पिशवीला मामी हात लावू शकत नाहीत.

पिशवीत तळाशी एक प्रतिज्ञापत्र आहे आणि ते या साऱ्या संसाराचं मूळ आहे. गिरणीत लागताना मामा सोळा वर्षांचे होते. अठराशिवाय घेत नव्हते, म्हणून कुणीतरी शहाण्या माणसानं वय दोन वर्षांनी वाढवून लावलं. पुढं आधार काढताना मामांनी शाळेचा दाखला दाखवला. त्यावर १ जून होती. त्या पिढीतलं निम्मं सोलापूर १ जूनलाच जन्मलेलं आहे, कारण हेडमास्तरांना तेवढीच तारीख पाठ होती. झालं असं, की गिरणीच्या हिशोबानं मामा दोन वर्षं आधी अठ्ठावन्नचे झाले आणि घरी आले. एसटीच्या हिशोबानं मात्र दोन वर्षं उशिरा पंच्याहत्तरचे झाले. म्हणजे पगार लवकर थांबला आणि फुकट प्रवास उशिरा सुरू झाला. दोन्हीकडून मार. ‘वरील दोन्ही व्यक्ती एकच आहेत’ असं त्या प्रतिज्ञापत्रात लिहिलंय. मामी म्हणतात, मला तरी लग्न झाल्यापासून दोन वाटतात.

२६ ऑगस्ट २०२२ ही तारीख मामा स्वातंत्र्यदिनासारखी सांगतात. त्या दिवसापासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली. पासष्ट ते पंच्याहत्तरला अर्धं तिकीट. मामा त्या वेळी आधार कार्डावर त्र्याहत्तर होते. बसस्टँडवर आपल्याबरोबर शाळेत असलेला, वर्गात सतत नापास झालेला एक जण शून्य रुपयांचं तिकीट हातात नाचवत तुळजापूरच्या गाडीत चढताना त्यांनी पाहिला. ‘बेणं माझ्यापेक्षा मोठं हाय हे मला आजवर म्हाईतच नव्हतं,’ म्हणाले. ती दोन वर्षं त्यांनी कशी काढली ते त्यांना विचारू नये. त्यातच १७ मार्च २०२३ पासून बायकांना सरसकट अर्धं तिकीट झालं. वयाचा पुरावा नको, कागद नको, काही नको. कागद न मागता मिळणारी सवलत मामांच्या तत्त्वात बसत नाही. मामी अर्ध्या तिकिटात खिडकीशी बसल्या की मामा शेजारी आधार कार्ड छातीशी धरून बसत. कंडक्टरनं विचारलं नाही तरी दाखवत.

माणसाच्या वयाकडं आपण वाढदिवस म्हणून बघतो. मामा पायऱ्या म्हणून बघतात. साठ झाले: धोरणाप्रमाणं ज्येष्ठ नागरिक. २०१३ च्या धोरणात पासष्ट होते, २०१८ ला राज्यानं साठ केले, म्हणजे कित्येक लोक रात्री झोपताना तरुण होते आणि सकाळी उठले ते ज्येष्ठ होऊन. पासष्ट झाले: अर्धं तिकीट, श्रावणबाळ योजनेचं अनुदान, वयोश्री. सत्तर झाले: वय वंदना कार्ड. पंच्याहत्तरला एसटी. आणि ऐंशीला केंद्र सरकार वृद्धापकाळ पेन्शनमधला आपला वाटा दोनशेचा पाचशे करतं. एक आजोबा ऐंशीचे झाले, तेव्हा मामा पेढे घेऊन गेले. महिना झाला, आजोबा तक्रार घेऊन आले, हातात पूर्वीइतकेच पंधराशे पडले. मामांनी शांतपणे समजावलं, ‘केंद्राचे तीनशे वाढले, राज्याचे तीनशे कमी झाले. एकूण तेवढेच. पण मान वाढला की ओ तुमचा.’ आजोबांनी पेढ्यांचा विषय काढला नाही, ही त्यांची सभ्यता.

खुद्द मामांना श्रावणबाळ मिळत नाही. हे दुःख त्यांनी गणितात घातलंय. योजनेला वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा एकवीस हजार. महिन्याला झाले साडेसतराशे. मामांची पेन्शन ईपीएस-९५ ची, सप्टेंबर २०१४ पासून तिचा किमान आकडा हजार रुपये ठरलाय, मामांची त्याच्या जरा वर. तेवढ्यात ते बसले असते. पण उत्पन्नाच्या दाखल्यावर कुटुंबाचं उत्पन्न येतं, आणि कुटुंबात पुण्याचा पोरगा येतो. मामा मग खडू घेऊन कट्ट्यावरच मांडतात: ‘अनुदान पंधराशे. बारानं गुणा. अठरा हजार. आता सरकारनं दया करून उद्या तीनशे वाढवले, तर अठराशे गुणिले बारा, एकवीस हजार सहाशे! म्हणजे अनुदान घेतल्यानंच माणूस श्रीमंत होऊन बसतोय की न्हाई?’ अनुदान उत्पन्नात धरत नाहीत, हे कुणीतरी सांगतं. मामांना ते माहीत असतं. पण एवढं चांगलं गणित नियमासाठी कोण सोडणार?

स्वतःला बसत नाही म्हणून मामा दुसऱ्यांना बसवतात. आमच्या गल्लीत एक जुने हमाल आहेत. त्यांचे दोन अर्ज मामांनी एकाच आठवड्यात भरले. एक मुख्यमंत्री वयोश्री योजनेचा. तिच्यात चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा अशा साधनांसाठी एकरकमी तीन हजार थेट खात्यात येतात. दुसरा तीर्थदर्शनाचा, माणशी तीस हजारांपर्यंत. पहिल्या अर्जात बाबांची कंबर पार गेली होती. दुसऱ्याला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, त्यात बाबा लांबच्या प्रवासास ठणठणीत होते. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, ‘दोन्ही खरं हाय. वाकताना कंबर जातीया, बसल्यावर येतीया. रेल्वेत बसायचंच असतंय.’

रेल्वेचं नाव मात्र त्यांच्यासमोर काढू नये. साठीच्या पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावन्नच्या बायकांना पन्नास टक्के सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये कोरोनात बंद झाली. कोरोना गेला, सवलत गेली ती गेलीच. सिद्धेश्वर एक्स्प्रेसची शिट्टी रात्री ऐकू आली की मामा अंथरुणात कूस बदलतात.

गाणगापूरचा घोर वेगळा. एसटीचं फुकट तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. अक्कलकोटला जा, पंढरपूरला जा, पुढं सीमा ओलांडली की पैसे मोजा. मामा निष्ठावंत दत्तभक्त आहेत, तरी एकदा ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, ‘औदुंबर इकडं, वाडी इकडं. महाराजांनी एवढं एकच तिकडं का नेलं असंल?’ मामींचं माहेर विजापूरकडचं. कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना सरकारी बस पूर्ण फुकट, म्हणून मामी खूश झाल्या होत्या. मामांनी नियम वाचून दाखवला: आधार कर्नाटकचं पाहिजे. मामी म्हणाल्या, ‘माझं आधार तुमच्याशी लगीन झालं तवाच हुकलं.’

नोव्हेंबर हा मामांचा सुगीचा महिना. हयातीचे दाखले. आता ईपीएसवाल्यांना वर्षभरात कधीही देता येतो, तरी सोलापूरची म्हातारी माणसं नोव्हेंबरातच जिवंत असल्याचं सांगायला निघतात. सवय. त्या दिवसांत पूर्व भागात सकाळी साडेआठला मामा सेवा केंद्राच्या दाराशी उभे असतात. रांगेत बहुतेक विडी वळलेल्या बायका. तेलुगू बोलणाऱ्या, कपाळभर कुंकू, तंबाखूनं काळे पडलेले अंगठे. चाळीस-चाळीस वर्षं तेंदूचं पान कात्रीनं कापून, बोटांत फिरवून, हजारावर विड्या मोजून दिल्यात त्यांनी. त्या बोटांवर आता रेषा उरलेल्या नाहीत. मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा. पुसून ठेवला, लाल. पदराला घासून ठेवला, लाल. मशीनच्या मते या बाईनं कधी कामच केलं नसावं. मामांच्या स्वतःच्या अंगठ्याचीही तीच गत, धाग्यानं गिळलेला.

म्हणून चेहरा दाखवून हयात नोंदवायची सोय निघाली, तेव्हा मामांनी ती सर्वांत आधी शिकून घेतली. मोबाइल समोर धरायचा आणि पापण्या मिटून उघडायच्या. ऐकायला सोपं. पण कॅमेऱ्यासमोर फोटोला ताठ बसायची सवय असलेल्या अव्वा एकदा डोळे उघडले की मिटतच नाहीत.

‘अव्वा, डोळे मिटा.’

अव्वा मिटतात. उघडत नाहीत.

‘आता उघडा की! मिटूनच राह्यला तर सरकार काय समजंल?’

रांगेत हशा पिकतो, अव्वा हसतात, हसताना डोळे आपोआप मिटतात-उघडतात आणि हिरवी खूण येते. मामांनी ही युक्ती पक्की केली आहे. आता ते कुणालाच डोळे मिटायला सांगत नाहीत. समोर उभं राहून एक विनोद सांगतात. विनोद दरवर्षी तोच, गिरणीच्या भोंग्याचा, आणि अर्ध्या तेलुगूत. वर्षभर जगून आल्याचा पुरावा म्हणून बायका तो पुन्हा ऐकतात. यासाठी मामा पैसे घेत नाहीत. चहा घेतात. कुणी शेंगाचटणीची पुडी दिली तर नाही म्हणत नाहीत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीवरच्या सगळ्यांना वय वंदना कार्डावर पाच लाखांपर्यंत उपचार जाहीर झाले आणि उत्पन्नाची अट नाही, हे ऐकून मामांनी टोपी घातली. आयुष्यात पहिल्यांदा अशी योजना निघाली, जिच्यात हमाल, प्राध्यापक, चादरीचा कारखानदार आणि मामा एका रांगेत बसत होते. मामांनी चौघांचीही कार्डं काढली. स्वतःचं लॅमिनेट केलं. तेव्हापासून त्यांना एकच रुखरुख आहे, तब्येत बिघडत नाही. ‘पाच लाख नुसते पडून हायेत,’ म्हणतात.

पोराला हे सगळं पटत नाही. तो पुण्याला चाकणच्या कारखान्यात आहे, महिन्याला न चुकता पैसे पाठवतो. फोनवर म्हणतो, ‘बाबा, हजारभर रुपयांसाठी उन्हात कशाला उभं राहता? मी दोन हजार जास्त पाठवतो.’ सोलापूरच्या त्रेचाळीस अंशांत पोराचं म्हणणं चुकीचं नाही. मामा म्हणतात, ‘तुझं तू पाठीव. ते तुझ्या नावानं येतंय.’ आणि फोन ठेवून साडेसात हजार किमान पेन्शनच्या मागणीच्या मोर्चाला जातात. मोर्चात सगळे एकमेकांना वय विचारतात आणि मामांच्या अंगात येतं. घोषणा थांबवून ते एखाद्याला सांगतात, ‘चौसष्ट? मग आधारवर पूर्ण तारीख हाय का नुसतं साल? आधी ते दुरुस्त करून घ्या, मग ओरडा.’

मागच्या नवरात्रात पोरगा नवी गाडी घेऊन आला. आईबापाला तुळजापूरला नेतो म्हणाला. गाडीत एसी, पाण्याच्या बाटल्या, मागं उशी. मामा गाडीभोवती एक चक्कर मारून आले, पेट्रोल किती लागतं विचारलं आणि म्हणाले, ‘तुम्ही व्हा पुढं. माझं फुकट हाय.’ पोरानं समजावलं, सुनेनं विनवलं. मामी काही न बोलता पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

नवरात्रातली एसटी. मामांना पहिल्या दोन गाड्यांत चढता आलं नाही. तिसरीत उभं राहायला जागा मिळाली. एका पोरानं उठून जागा दिली तर मामा म्हणाले, ‘तू तिकीट काढलंय, तू बस.’ तुळजापूरला उतरले तेव्हा दुपार कलली होती, सदऱ्याचं एक बटण गेलं होतं आणि मुठीत शून्य रुपयांचं तिकीट घामानं भिजलं होतं. मामी देवीचं दर्शन घेऊन, जेवून, गाडीत डुलकी काढून उठल्या होत्या.

‘किती वाचवलं?’ मामींनी विचारलं.

मामांनी पूर्ण तिकिटाचा आकडा पैशासकट सांगितला.

‘आणि पोरानं तुमच्याकडं भाडं मागितलं असतं काय?’

मामांनी यावर खरोखर विचार केला. मग पिशवीची चेन लावली, भाकरीचा तुकडा तोंडात टाकला आणि बसस्टँडच्या दिशेनं निघाले. मामी मागून हाका मारत होत्या. मामांनी मागं न वळताच सांगितलं, ‘जातानाचं पण हाय की फुकट!’