जडणघडणीचे दोन क्रेडिट

विसाव्या वर्षी ‘मागे वळून पाहताना’ असा निबंध लिहायला लावणं हा छळाचाच एक सभ्य प्रकार आहे. विसाव्या वर्षी मागे वळून पाहणाऱ्याला दिसतं काय? जवळच बारावीचा निकाल, त्याच्या मागे सीईटीचा क्लास, त्यामागे दहावीचे पेढे आणि पार टोकाला बालवाडीच्या गॅदरिंगमधला ससा. एवढ्या भांडवलावर आत्मचरित्र उभं राहत नाही. तरी ते उभं करावं लागतं, कारण मागणारे वाढले आहेत. अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी ‘कॉमन अ‍ॅप’ नावाचा सामाईक अर्ज असतो. त्यात जास्तीत जास्त ६५० शब्दांत आपण कोण आहोत हे सांगायचं असतं, आणि निवडीसाठी दिलेल्या प्रश्नांत अडचण किंवा अपयश यावरही एक प्रश्न असतो. एमएसला जाणाऱ्यांच्या मागे एसओपी, म्हणजे ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’, लागलेला असतो. कॅम्पस मुलाखतीत ‘तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता’ असं विचारतात, आणि छत्तीसही जिल्ह्यांतली मुलं एकमुखाने सांगतात, ‘मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे.’ आता तर पदवीच्या फिल्ड प्रोजेक्टच्या अहवालातही शेवटचं पान ‘या उपक्रमातून मी काय शिकलो’ याला राखून ठेवावं लागतं. पान आधी आखलेलं असतं. शिकायचं नंतर असतं.

या मागणीतून एक ठरावीक माल तयार होतो. त्यात नायक एकच, तो म्हणजे लेखक. त्याच्यावर एक संकट येतं, पण बेताचं. अपयशाचंही माप ठरलेलं आहे. वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर आला, हे चालतं. एम-थ्रीची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणिताची, केटी तीन सेमिस्टर मानगुटीवर बसली, हे चालत नाही. खरं तर एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्गात जाणं, हा महाराष्ट्रातल्या हजारो पदवीधरांना बांधणारा धागा आहे. जात, धर्म, जिल्हा, मेरिट कशाचाही भेद न करता ती सगळ्यांना लागते. पण निबंधात तिला प्रवेश नाही, कारण ती खरी असते आणि सुटली तरी माणूस तिच्यामुळे थोर झालेला नसतो, फक्त सुटलेला असतो. मग निबंधात येतं ते धुतलेलं, इस्त्री केलेलं अपयश, आणि शेवटच्या परिच्छेदात त्यातून हमखास ‘एक नवा मी’ बाहेर पडतो. हा नवा मी जुन्या मीपेक्षा नेमका कुठे वेगळा आहे, हे त्याच्या आईला विचारलं तर ती म्हणेल, टॉवेल अजून पलंगावरच टाकतो.

या निबंधांत खोटं फारसं नसतं. त्यांचा हिशेब चुकीच्या वहीत मांडलेला असतो. आपल्यावर काय गुदरलं याने माणूस फारसा घडत नाही. आपल्यावाचून दुसऱ्याचं काहीतरी अडलेलं असताना आपण काय केलं, याने घडतो. कॉलेजच्या वयात हे विशेष खरं, कारण तोवर मुलाचं सगळं इतरांवर अडलेलं असतं. डबा आईवर, फी बाबांवर, नोट्स पहिल्या बाकावरच्या मुलीवर. ज्या दिवशी पहिल्यांदा उलटं होतं, म्हणजे चार माणसं आपली वाट बघत ताटकळतात, त्या दिवशी खरा प्रवेश होतो. कॉलेजातला तो नुसता कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीचा.

पुरुषोत्तम करंडकाचंच उदाहरण घ्या. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली पुण्यात सुरू केलेली ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा. भरत नाट्य मंदिरात ‘अरे, आवाज कुणाचा’ ही आरोळी उठते आणि सदाशिव पेठ ती सहन करते. सदाशिव पेठ काही सहन करते, यावरूनच स्पर्धेची थोरवी कळावी. या स्पर्धेने रंगभूमीला किती नट दिले हे नेहमी सांगितलं जातं. पण विंगेतल्या मुलाकडे बघा. त्याच्या हातात घामाने ओला झालेला एक कागद असतो. ‘कंदील, डावी विंग. काडेपेटी, आजीच्या कनवटीला. पत्र, दुसऱ्या प्रवेशाआधी टेबलाच्या खणात.’ ते पत्र खणात नसेल तर नायक खण उघडणार, आत हात घालणार आणि वडिलांच्या मृत्यूची बातमी त्याला रिकाम्या मुठीतून वाचून दाखवावी लागणार. अंधार पन्नास-साठ सेकंदांचा. त्या अंधारात या मुलाला सीजीपीए किती, हे कुणी विचारत नाही. पत्र ठेवलं का, एवढंच विचारतात. आपण दिसलो नाही तरच काम नीट झालं, हे त्याला तिथे कळतं. हे कळायला बऱ्याच लोकांना निवृत्त व्हावं लागतं आणि काहींना तेवढ्यानेही जमत नाही. २०२२ साली एकही एकांकिका त्या तोडीची नाही म्हणून परीक्षकांनी मुख्य करंडक कुणालाच दिला नाही. बरीच चर्चा झाली. पण करंडक मिळाला नाही म्हणून त्या वर्षीची विंगेतली मुलं कमी घडली, असं म्हणता येईल का? पत्र तर खणात होतं.

दुसरा पुरावा सरकारी आहे, म्हणून जास्त भरवशाचा मानावा. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. तिचं ब्रीद ‘नॉट मी, बट यू’. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं एक शिबिर. शिबिराचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असतं. प्रभातफेरी, श्रमदान, भोजन, बौद्धिक, गटचर्चा, सांस्कृतिक कार्यक्रम. घडवण्याचं अधिकृत काम बौद्धिकाकडे सोपवलेलं असतं. ते जेवणानंतर लगेच असतं, विषय ‘युवकांपुढील आव्हाने’ असतो आणि त्या क्षणी युवकांपुढचं एकमेव आव्हान डोळे उघडे ठेवण्याचं असतं. वक्ते शिस्तीवर बोलत असताना मागच्या तीन रांगा शिस्तीत झोपतात. त्याच वेळी जिल्हा परिषदेच्या शाळेमागे, तीन दगडांच्या चुलीवर, स्वयंपाकाची तुकडी संध्याकाळच्या तयारीला लागलेली असते. लाकडं ओली, डोळ्यांत धूर, पातेलं हॉलमध्ये मावणार नाही एवढं. सकाळचा भात तळाला करपलेला, वरून कच्चा, मधला थर तेवढा खाण्याजोगा झाला होता, याची बोच ताजी. पन्नास माणसं जेवायची असताना सरपंच आणखी सात जणांना घेऊन येतात. घरी पाण्याचा ग्लाससुद्धा हातात मागणारा पोरगा तेव्हा पिठल्यात किती पाणी वाढवायचं, मीठ किती वाढवायचं, पोरांना वाढताना पळी किती भरायची, हे एका मिनिटात ठरवतो. कुणी उपाशी राहत नाही. नंतर तो अहवालात लिहितो, ‘शिबिरामुळे माझ्यातील नेतृत्वगुणांचा विकास झाला.’ पिठल्याचा उल्लेखही नसतो. पुराव्याचं पातेलं घासून ठेवायचं आणि निकाल मात्र छापायचा, अशी ही तऱ्हा.

नव्या शैक्षणिक धोरणाने या सगळ्याला क्रेडिट दिलं, ही चांगलीच गोष्ट झाली. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, आयकेएस, सीईपी, सीसी अशी नावं पाठ करणं हाच एक घडवणारा अनुभव आहे. पण क्रेडिट तासांत मोजतात. पंधरा तासांच्या थिअरीला एक, प्रत्यक्ष कामाचे तीस तास झाले की एक. मोजायचं म्हटलं की मोजता येतं तेच मोजलं जातं, म्हणजे हजेरी. त्यातून वृक्षारोपणाचा तो सुप्रसिद्ध फोटो निघतो. रोप एक, हात अकरा, प्राचार्य मध्यभागी आणि बॅनर रोपापेक्षा मोठा. फोटो काढला, अपलोड झाला, तास भरले. मेमध्ये त्या रोपाला पाणी कोण घालणार, याला क्रेडिट नाही. आणि नेमका मेमध्ये बादली घेऊन जाणारा जो एखादा वेडा असतो, घडत असतो तो एकटाच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. आखून दिलेल्या अनुभवातून काही घडतच नाही, तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी काय केलं? रयत शिक्षण संस्था १९१९ साली निघाली, साताऱ्याचं वसतिगृह १९२४ साली, १९४७ साली साताऱ्यातच छत्रपती शिवाजी कॉलेज, आणि ‘कमवा आणि शिका’ ही तर पुरती आखीव योजना. आक्षेप खरा आहे. पण तो माझ्या मुद्द्याला पाडत नाही, उचलून धरतो. भाऊरावांच्या वसतिगृहात पोरं शेतात राबत, स्वतः रांधत. एकाने भाकऱ्या थापायला दांडी मारली तर दुसऱ्याच्या ताटात भाकरी नव्हती. तिथे हजेरीपटाची गरज नव्हती, पोटच हजेरी घेत होतं. तेव्हा आखावं, जरूर आखावं. पण आखताना ‘हे केलं नाही तर कुणाचं अडेल?’ एवढा एक प्रश्न विचारावा. उत्तर ‘कुणाचंच नाही’ असं आलं, तर तो उपक्रम नसून कार्यक्रम आहे. त्याला हार, नारळ आणि अध्यक्ष द्यावेत, क्रेडिट देऊ नये.

दुसरा आक्षेप जाणकारांचा. एकट्याने सोसलेल्या गोष्टीही माणसाला घडवतातच की. धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला घाट चढून पायी गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. यात दुसऱ्या कुणाचं काय अडलं होतं? त्या दिवशी काहीच नाही. आजचा मुलगा असता तर साताऱ्यातूनच पोस्ट टाकली असती, ‘रिजेक्शनने मला शिकवलेल्या सात गोष्टी’, खाली हात जोडलेले. कर्व्यांनी घाईने निष्कर्ष काढला नाही. त्यांचं ‘आत्मवृत्त’ आलं १९१५ साली, वयाच्या ५७व्या वर्षी. तोवर त्यांच्यावर पुष्कळांचं अडलेलं होतं. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला होता आणि पुढे हिंगण्याला तो मार्गी लावला होता. त्या पायपिटीला आज अर्थ आहे तो या कामामुळे. नाहीतर ती परीक्षा खात्याविरुद्धची एक तक्रार ठरली असती, आणि तशा तक्रारींचे गठ्ठे प्रत्येक विद्यापीठात पडून आहेत. शिवाय आत्मचरित्र लिहून झाल्यावर, १९१६ साली, त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी ज्यांचं घडणं चालू होतं, त्यांच्या महाराष्ट्रात विसाव्या वर्षी ‘आज मी जो काही आहे’ अशी वाक्यं लिहिणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

तिसरा आक्षेप विनोदात उडवण्यासारखा नाही. जबाबदारीनेच माणूस घडत असेल, तर ती ज्यांच्यावर आधीच भरमसाट आहे त्यांचं काय? शेवटचं लेक्चर बुडवून चारची एसटी गाठणारी मुलगी घरी जाऊन सहा माणसांचा स्वयंपाक करते. रात्री मेडिकलच्या दुकानात काम करणारा मुलगा बहिणीची फी भरतो. यांना ‘ही गरिबी नव्हे, ही तर शाळा’ असं सांगणारा माणूस व्यासपीठावर असतो आणि त्याच्यासमोर काजूची बशी असते. तसं सांगणं हा निलाजरेपणा आहे. ओझ्याने माणूस घडतो तसा मोडतोही. त्यांचं ओझं कमी करणं हे सरकारचं, कॉलेजचं आणि आपलं सगळ्यांचं काम आहे. त्याला संस्कार म्हणून मोकळं होता येणार नाही. पण मजा अशी, की जडणघडणीच्या अर्जात याच दोघांचा ‘नेतृत्व व अनुभव’ हा रकाना कोरा असतो. सहा माणसांचं रोजचं जेवण हा अनुभव आहे, असं तिला कुणी सांगितलेलंच नसतं आणि त्याचं प्रमाणपत्रही मिळत नाही. उलट दोन दिवसांच्या ‘युथ लीडरशिप समिट’ला वातानुकूलित हॉलमध्ये बसून आलेल्याचा रकाना भरून कडेने खाली उतरलेला असतो. ज्याच्यावर काहीच अडलेलं नाही तो नेता, आणि जिच्यावर सगळं घर अडलेलं आहे ती ‘अनुभव नाही’ या सदरात. हा दोष मुलीचा नाही, रकाना आखणाऱ्याचा आहे.

तेव्हा प्राध्यापकांना, मुलाखत घेणाऱ्यांना आणि अर्ज छापणाऱ्यांना एक विनंती. ‘तुम्हाला घडवणारा प्रसंग सांगा’ हा प्रश्न काढून टाका. त्याजागी विचारा, ‘गेल्या वर्षभरात तुमच्यावाचून कुणाचं काय अडलं होतं, आणि तुम्ही काय केलंत?’ उत्तराला ६५० शब्द लागणार नाहीत, चार ओळी पुरतील. त्यात पिठलं येईल, बादली येईल, बहिणीची फी येईल. चौघांच्या ग्रुप प्रोजेक्टमधला काम करणारा एकटाही अखेर उजेडात येईल. उरलेल्या तिघांना मात्र जरा जड जाईल. आणि ज्या विद्यार्थ्याला हे उत्तर सुचणारच नाही, त्याने निबंध लिहीत बसू नये. कॉलेजच्या नाटकात बॅकस्टेजला नाव द्यावं. तिथे माणसं नेहमीच कमी असतात.